लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स, एकट्याने बाईकवर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, मध्यावरच्या मोटरसायकल म्युझियमसकट

ब्रिटनच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधलं लँड्स एंड आणि ईशान्य टोकाला स्कॉटलंडमधलं जॉन ओ'ग्रोट्स. मुख्य रस्त्यांनी गेलं तर या दोन टोकांत सुमारे ८७० मैल, म्हणजे १,४०० किलोमीटर अंतर पडतं. साधारण पुणे ते दिल्ली एवढं. ज्याने पुणे-दिल्ली मारलंय त्याला वाटतं, रस्ते गुळगुळीत, ट्रॅफिक शिस्तीत, मग तीन दिवस पुष्कळ झाले. इथेच गणित चुकतं. या प्रवासात माणूस खड्ड्यांनी दमत नाही, तो थंडी, वारा आणि पावसाने दमतो. त्यामुळे हिशेब मैलांचा नको, खोगिरावरच्या तासांचा हवा.

वाटेत बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियम लागतं. बरेच जण ते 'जमलं तर बघू' यादीत ठेवतात आणि बंद व्हायला तास उरलेला असताना ओले बूट घेऊन पोचतात. उलट करा. आधी म्युझियमची सकाळ पक्की करा आणि बाकीचे दिवस तिच्या दोन्ही बाजूंना बसवा. प्रवास आपोआप माणसात येतो.

लायसन्स, हेल्मेट, विमा

भारतातून फिरायला आलेल्याला भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये आल्या दिवसापासून १२ महिने बाईक चालवता येते; लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद मात्र हवी. तिथे राहायला गेलेल्यांनाही पहिले १२ महिनेच मिळतात. भारतीय लायसन्स बदलून ब्रिटिश मिळत नाही, त्यानंतर लेखी आणि दोन टप्प्यांची प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. फक्त सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण झालेल्याला मोटरवेवर, म्हणजे तिथल्या एक्सप्रेसवेवर, जाता येत नाही, म्हणजे खाली दिलेला मार्ग त्याच्या कामाचा नाही.

भारतातून निघताना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवा. कायद्याला इंग्रजीतलं मूळ लायसन्स चालतं, पण भाड्याने गाडी देणारे आणि विमावाले परमिट मागू शकतात, आणि काउंटरवर उभं राहून कायदा समजावण्यात अर्थ नसतो. बहुतेक भाडेवाले किमान वय आणि किमान दोनेक वर्षांचा अनुभवही बघतात. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा: दिवसाला मैलांची मर्यादा आहे का, अपघात किंवा चोरी झाली तर आपल्या खिशातून किती जाणार, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर उचलून नेण्याची सोय विम्यात आहे का.

हेल्मेटवर नुसता आयएसआय शिक्का असेल तर ते तिथे चालणार नाही. पट्ट्याला शिवलेल्या लेबलवर वर्तुळातलं 'ई' अक्षर आणि २२.०५ किंवा २२.०६ हा मानक क्रमांक शोधा. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच हेल्मेटवर हे दोन्ही शिक्के असतात, त्यामुळे नवीन घेण्याआधी हातातलं तपासा.

कोणती गाडी

४०० ते ७०० सीसी, पुढे वाऱ्याची काच आणि गरम होणाऱ्या मुठी. यापेक्षा मोठी गाडी लागत नाही. काच नसलेल्या नेकेड बाईकवर ७० मैलांच्या वेगाने छातीवर सतत वारा बसतो, तासाभरात मान आणि खांदे भरून येतात. ४०० सीसीची ट्रायम्फ स्पीड ४०० हे काम करू शकते (ती आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, आणि ब्रिटनमध्येही विकली जाते), पण तिला छोटी काच बसवून घ्या आणि मोटरवेवर ६० ते ६५ मैलांवर समाधान माना.

गाडी ताब्यात घेताना टायरची खोली बघा. कायद्याने ५० सीसीवरच्या गाडीला रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात १ मिलिमीटर नक्षी पुरते, पण या प्रवासाला ती पुरत नाही. लंडनहून निघालात तर लँड्स एंडपर्यंत ३१५ मैल, मग हे ८७०, आणि जॉन ओ'ग्रोट्सहून परत लंडन सुमारे ६९०. एकूण ३,००० किलोमीटर. मागचं टायर निम्म्याहून जास्त झिजलेलं असेल तर तिथेच बदलून मागा. एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला गाडी सोडण्याची सोय सहसा मिळत नाही. परतीचे मैल विसरणं ही नवख्यांची सगळ्यात सामान्य चूक.

दिवसांची आखणी

मेचा शेवट आणि जून हा उत्तम काळ. उत्तर टोकाला जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी एम५ मोटरवे ब्रिस्टलच्या आसपास सुट्टीच्या गाड्यांनी तुंबतो, तो दिवस टाळा. मेच्या अखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला आयल ऑफ मॅन बेटावर टीटी ही मोटरसायकल शर्यत असते. तेव्हा लँकेस्टरजवळच्या हेशम बंदराकडे बाईकवाल्यांची रीघ लागते आणि त्या पट्ट्यात खोली मिळणं कठीण होतं.

एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याला ही आखणी झेपते:

१. लँड्स एंडजवळच्या पेन्झन्सला आदल्या रात्री मुक्काम. सकाळी लँड्स एंड, मग ए३० ने एक्सेटर. सुमारे १२० मैल.
२. एक्सेटर ते सॉलिहल (म्युझियमजवळचं गाव), एम५ आणि एम४२ ने. सुमारे १६५ मैल.
३. सकाळ म्युझियममध्ये. जेवून दुपारी एम६ ने लँकेस्टर. सुमारे १२५ मैल.
४. लँकेस्टर ते स्टर्लिंग. सुमारे १८५ मैल, सगळ्यात लांब दिवस.
५. स्टर्लिंग ते इन्व्हरनेस, ए९ ने. सुमारे १४५ मैल.
६. इन्व्हरनेस ते जॉन ओ'ग्रोट्स. सुमारे १२० मैल.

कुठल्याही दिवशी २०० मैल ओलांडत नाहीत. मोटरवेवर थांबे धरून ताशी ४५ मैलांची सरासरी पडते, ए रस्त्यांवर (मोटरवे नसलेल्या मुख्य रस्त्यांवर) ३५ ची. दर दीड तासाला खाली उतरा, तहान लागली नसली तरी पाणी प्या. एकट्याला थकवा उशिरा कळतो, कारण 'अरे, तू रेषेवरून चाललायस' असं सांगायला मागे कोणी नसतं. त्याची खूण ठरवून ठेवा: एखादा फलक वाचला आणि काय लिहिलं होतं ते आठवलं नाही, की पुढच्या सर्व्हिसेसला (मोटरवेवरच्या विश्रांतीच्या थांब्याला) थांबायचं.

कपडे: इथे काटकसर नको

जूनमध्येही उत्तरेला दिवसाचं तापमान १० ते १५ अंश असतं. महाबळेश्वरच्या हिवाळ्यात स्वेटरवर भागतं तसं इथे भागत नाही, कारण ताशी ११० किलोमीटरचा वारा अंगातली ऊब तासनतास काढून नेतो. पहिली बोटं जातात. बोटं आखडली की ब्रेकवर हात यायला उशीर होतो आणि क्लच अर्धवट दाबला जातो.

अंगाला चिकटून थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर पॅडवालं जॅकेट आणि पँट. जॅकेटच्या लेबलवर ए, डबल ए किंवा ट्रिपल ए अशी सुरक्षेची श्रेणी असते. डबल ए घ्या. पावसासाठी वरून चढवायचा वेगळा सूट हवाच, 'जॅकेट वॉटरप्रूफ आहे' या शब्दावर विसंबू नका. तो एक माप मोठा घ्या आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी घाला. ओल्या जॅकेटवर चढवलेला रेनसूट आतला ओलावा फक्त कोंडून ठेवतो. हातमोजे दोन जोड, एक वॉटरप्रूफ. पावसात मोज्याची बाही जॅकेटच्या बाहीच्या आत घाला, नाहीतर कोपरापासून ओघळलेलं पाणी सरळ बोटांत साठतं.

हेल्मेटच्या काचेला आतून पिनलॉक पट्टी बसवा. ती नसली तर पावसात काच धुरकटते, मग माणूस काच उघडतो, पाणी आत येतं, आणि चष्मा असेल तर विषयच संपला.

कानात फोमचे बोळे घाला. मोटरवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, त्याने कान कायमचे बिघडतात आणि तासाभरात डोकं सुन्न होतं. बोळे घालणं तिथे कायदेशीर आहे, आणि गाड्यांचे हॉर्न त्यातूनही ऐकू येतात.

सामान आणि गाडीची तयारी

जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वर आणि मागे. दोन्ही बाजूंच्या बॅगांचं वजन हाताने उचलून सारखं करा. मागच्या कॅरिअरवर उंच बॅग रचली की पुढचं चाक हलकं पडतं आणि वेगात हँडल हलायला लागतं. मग लोक टायरला दोष देतात.

सामान लादल्यावर मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) वाढवा आणि हवा मॅन्युअलमधल्या 'भार असताना' आकड्याइतकी भरा. हवा टायर थंड असतानाच मोजायची, दहा मैल चालवून पंपावर मोजली तर आकडा जास्त दिसतो आणि तुम्ही चांगली हवा सोडून देता.

चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असतो, नेमका आकडा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर मिळेल. स्टिकरचा आकडा साइड स्टँडवरचा की सेंटर स्टँडवरचा तेही वाचा. ताण सेट केल्यावर सामान लादून, वर बसून कोणाला तरी चेन चाचपायला सांगा. मागचा भाग दबला की चेन ताणली जाते. तेव्हा ती तारेसारखी कडक होत असेल तर ढिली करा. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, थोडी ढिली चेन खडखडते, पण फारच ढिली असेल तर दात्यांवरून निसटू शकते. दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक पावसाळी दिवसानंतर वंगण लावा, मुक्कामाला पोचल्या पोचल्या, चेन गरम असताना. सकाळी निघताना लावलेलं वंगण पहिल्या दहा मैलांत रिमवर उडून जातं.

हत्यारं थोडीच: ४, ५, ६ च्या एलन की, ८, १०, १२, १३ चे पाने, ट्यूबलेस पंक्चरच्या दोऱ्या आणि टोच्या, छोटा कॉम्प्रेसर, हवा मोजायचा गेज, दोन जादा फ्यूज, केबल टाय, चिकटपट्टी. पंक्चरची दोरी ही तात्पुरती मलमपट्टी आहे. तिच्यावर हळू चालवत जवळच्या टायरवाल्याकडे जायचं, पुढचा आठवडा काढायचा नाही. तारांचं चाक असेल तर आत बहुधा ट्यूब असते आणि हा संच निरुपयोगी ठरतो, हे निघण्याआधी बघा.

फोन हँडलला लावणार असाल तर कंपन शोषणारा माउंट घ्या. इंजिनच्या बारीक थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली हलती भिंगं बिघडतात. नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि त्या दिवसाचे रस्त्यांचे क्रमांक कागदावर लिहून टाकीवरच्या बॅगेत ठेवा.

रस्त्यावर सोडायच्या सवयी

डावीकडूनच चालवायचं असल्याने आपल्याला अर्धी लढाई जिंकलेलीच असते. उरलेली अर्धी सवयींची. वेगमर्यादा मैलांत: दिव्यांच्या खांबांच्या वस्तीत ३०, काही ठिकाणी २०, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ७०. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, थोडंसं घुसून बघायचं नाही. मोटरवेवर डावी लेन ही चालायची, उजव्या फक्त ओलांडायच्या. लेनच्या वर लाल फुली दिसली की ती लेन बंद. समोरच्याने दिवा मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब' असा असतो. तिथे बहुतेक वेळा 'तू जा' असा असतो. पण त्यावर भरवसा ठेवून निघू नका, गाडी खरंच थांबली का ते बघा.

ओल्या राउंडअबाउटवर डिझेलचा वास आला की हँडल सरळ, ब्रेक हलका. भरलेल्या टाकीतून ट्रक वळताना तिथेच डिझेल सांडतात. रस्त्यातली गटारांची झाकणं, पांढरे पट्टे आणि पुलांचे लोखंडी सांधे पावसात साबणासारखे होतात.

पंपावर स्वतः भरायचं. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. आत पैसे द्यायला जाताना हेल्मेट काढा, नाहीतर काउंटरवरून सूचना येतेच. स्कॉटलंडमध्ये दारूची कायदेशीर मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे. संध्याकाळी पबमध्ये बसणार असाल तर गाडी मुक्कामाला लावून चालत जा.

दक्षिणेचा टप्पा

ए३० कॉर्नवॉलच्या कण्यावरून जातो. बॉडमिन मूर या उघड्या माळावर आडवा वारा आणि धुकं दोन्ही भेटतात. आडव्या वाऱ्यात गुडघ्यांनी टाकी धरा आणि हात सैल सोडा. हँडल घट्ट आवळलं की प्रत्येक झोत सरळ चाकापर्यंत पोचतो. ट्रक ओलांडताना वारा अडतो आणि ट्रकच्या पुढे गेल्याक्षणी धक्का बसतो, तो येणार हे गृहीत धरा. ब्रिस्टलजवळ एम५ वरच्या एव्हनमाउथ पुलावर पुन्हा हाच खेळ.

बाकी एम५ कंटाळवाणा आहे. कंटाळा हाच तिथला धोका.

म्युझियमची सकाळ

एम४२ च्या ६ क्रमांकाच्या जंक्शनला बाहेर पडलं की बर्मिंगहॅम विमानतळ आणि एनईसी प्रदर्शनकेंद्राच्या शेजारीच म्युझियम आहे. या जंक्शनच्या आसपासचे रस्ते बदलत आले आहेत, म्हणून नकाशा ताजा ठेवा आणि पर्यटनस्थळांचे तपकिरी फलक बघा. उघडण्याचे दिवस आणि वेळ त्यांच्या संकेतस्थळावर आदल्या आठवड्यात तपासा. इमारतीत परिषदा आणि समारंभही होतात. सॉलिहलचा मुक्काम कुंपणातल्या पार्किंगचा घ्या, मोठ्या शहरांभोवती बाईकचोरी सर्रास होते. डिस्क लॉक लावा, आणि त्याला भडक रंगाची दोरी हँडलपर्यंत बांधा, म्हणजे लॉक विसरून गाडी पुढे ढकलली जात नाही.

चार तास ठेवा. बॅगा आणि हेल्मेट ठेवायला जागा मिळेल का ते स्वागतकक्षात विचारा. बाईकवरून येणारे पाहुणे त्यांना नवीन नाहीत. दिवसभर रायडिंग बूट घालून फरशीवर चालणं पायांना शिक्षा असते, बॅगेत साधे बूट ठेवा.

हे म्युझियम ऑक्टोबर १९८४ मध्ये उघडलं. फक्त ब्रिटिश मोटरसायकली, हजारापेक्षा जास्त. १६ सप्टेंबर २००३ ला लागलेल्या आगीत पाचपैकी तीन दालनं गेली आणि सुमारे ३८० गाड्या जळाल्या. कारण निघालं फेकलेली सिगरेट. डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा उघडलं, जळालेल्यांपैकी कितीतरी गाड्या सांगाड्यापासून पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. म्हणून चकचकीत गाडी बघताना ती मूळची की राखेतून उठवलेली, हे फलकावर वाचायला विसरू नका.

हजार गाड्या एकेक करून बघितल्या तर दोनशेनंतर सगळ्या सारख्या दिसायला लागतात. त्यापेक्षा एकेक प्रश्न घेऊन फिरा. पहिला प्रश्न: ही चालवायची कशी? जुन्या गाड्यांना मूठ पिळून नव्हे, हँडलवरच्या छोट्या दांड्यांनी हवा आणि पेट्रोल जुळवायचं. गिअरची दांडी टाकीच्या बाजूला. इंजिनाला तेल हातपंपाने, स्वाराच्या अंदाजाने, आणि ते जळून रस्त्यावर जायचं. मग पट्ट्याची जागा चेन कधी घेते, पुढच्या चाकाची दांड्या-स्प्रिंगची गर्डर फोर्क जाऊन नळीत नळी सरकणारी टेलिस्कोपिक कधी येते, मागचं चाक सस्पेन्शनवर कधी चढतं, हे दालनांतून शोधत जा. एवढ्यात मोटरसायकलचा अर्धा इतिहास हाताशी येतो.

दुसरा प्रश्न मराठी माणसाला आपसूक पडतो: आपली बुलेट कुठली? रॉयल एनफिल्ड रेडिचची, इथून फार लांब नसलेल्या, सुया बनवण्यासाठी नाव काढलेल्या गावाची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन भारतात जुळणी सुरू झाली, मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला, आणि रेडिचचं काम पुढे बंद पडलं तरी गाडी तिकडे चालूच राहिली. ज्यांनी जुनी बुलेट मारली आहे त्यांना इथल्या बहुतेक गाड्या ओळखीच्या वाटतील: उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, विजेचा प्रवाह दाखवणारा अ‍ॅमीटर, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, मग एकच पूर्ण लाथ. ही विद्या बुलेटची एकटीची नव्हती, त्या काळच्या मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनांना अशीच माहीतगार लाथ लागायची.

काही गाड्यांसमोर थोडं जास्त थांबा. ब्रफ सुपीरिअर नॉटिंगहॅमला बनायची, १९१९ ते १९४० मध्ये जेमतेम तीन हजार. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये ब्रफच्याच एसएस१०० वरच्या अपघातात गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि लष्करी डिस्पॅच रायडरना (बाईकवरून निरोप पोचवणाऱ्यांना) हेल्मेट सक्तीची झाली. व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोचा १५० मैलांपर्यंतचा भलामोठा स्पीडोमीटर बघा. १९४८ च्या गाडीला तो शोभेचा नव्हता. बीएसए बँटमचं इंजिन जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून घेतलेलं, पण आरशात बघितल्यासारखं उलटं, म्हणजे गिअर ब्रिटिश सवयीप्रमाणे उजवीकडे आला. आणि नॉर्टनची 'फेदरबेड' फ्रेम: त्यात ट्रायम्फचं इंजिन बसवून पोरांनी 'ट्रायटन' बनवली, तिच्यातून कॅफे रेसर हा प्रकार फोफावला.

शेवटच्या काळातल्या गाड्या घाईत सोडल्या जातात, तसं करू नका. १९६९ मध्ये होंडाची सीबी७५० आली, बटणावर सुरू होणारी, तेल न गळणारी. समोर ब्रिटिश कंपन्यांची उभी चिरलेली क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) आणि त्याखालचा तेलाचा ट्रे. बीएसए सत्तरच्या दशकात बुडाली, इथून पाचेक मैलांवरचा ट्रायम्फचा मेरिडन कारखाना १९८३ मध्ये बंद झाला. त्या जागी आता घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव, ट्रायम्फच्या बॉनव्हिल गाडीवरून, बॉनव्हिल क्लोज. पुढची गोष्ट फलकांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे: बीएसएचं नाव महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सकडे, नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे आणि तिचा नवा कारखाना याच सॉलिहलमध्ये, छोट्या ट्रायम्फ चाकणला.

दुपारी एकला बाहेर पडा. दालनांच्या दिव्यांत तासन् तास उभं राहिल्यावर शरीर सुस्तावलेलं असतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत चाला आणि मगच मोटरवेला लागा.

उत्तरेचा टप्पा

बर्मिंगहॅमच्या उत्तरेला एम६ तुंबलेला असतो. २७ मैलांचा एम६ टोल रस्ता ती कोंडी टाळतो. आपल्याकडच्या सवयीने दुचाकीला माफी धरू नका, इथे बाईकलाही टोल पडतो. कार्ड बाहीच्या खिशात ठेवा. पुढे टीबे सर्व्हिसेस हा थांबा चुकवू नका, स्थानिक कुटुंबाने चालवलेला आहे आणि मोटरवेवर मिळणाऱ्या खाण्यापेक्षा कितीतरी बरं मिळतं. तरी शाकाहारी माणसाने बॅगेत दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की ठेवावी. हायलँड्सच्या गावांत स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात आणि उजेड मात्र दहापर्यंत असतो, त्यामुळे माणूस फसतो.

स्टर्लिंगनंतरचा ए९ सगळ्यात फसवा रस्ता. डनब्लेन ते इन्व्हरनेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्यापुढे हळू होऊन फायदा नाही. त्याहून मोठा धोका असा की पर्थच्या पुढे रस्ता कधी दुभाजकाचा, कधी बिनदुभाजकाचा होतो. ओलांडण्याच्या नादात दुभाजक संपला हे लक्षातच येत नाही आणि समोरून ट्रक येतो. प्रत्येक बदलाला फलक आहे, तो वाचा. ड्रमॉक्टर खिंडीत रस्ता ४६० मीटर उंचीवर जातो, खाली ऊन असलं तरी वर बोचरा पाऊस असू शकतो. रेनसूट पायथ्यालाच चढवा.

इन्व्हरनेसला टाकी पूर्ण भरा. पुढे पंप आहेत, पण रविवारी आणि संध्याकाळी सगळे उघडे असतीलच असं नाही. निम्मी टाकी झाली की भरायचं. बेरिडेलला तीव्र उतार आणि चढ लागतो, उतारावर खालच्या गिअरमध्ये जा. लॅथरनला ए९ डावीकडे थर्सोकडे वळतो, तुम्हाला सरळ ए९९ ने विकवरून जायचंय. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या सापडतात. एक ओलांडली की दुसरी तिच्यामागे धावणार, हे धरूनच चला. थांबलात की मिज नावाच्या बारीक माश्या चावतात, वारा असेल तर त्या नसतात.

जॉन ओ'ग्रोट्स हे मुख्य भूमीचं अगदी उत्तर टोक नाही; तो मान डनेट हेडचा. हातात दोन तास असतील तर तेही करा, रस्ता अरुंद आहे आणि समोरून गाडी आली तर डाव्या बाजूच्या पासिंग प्लेसमध्ये थांबायचं असतं.

एकट्याला काही झालं तर

जॅकेटच्या आतल्या खिशात कागद: नाव, रक्तगट, औषधं, अ‍ॅलर्जी, घरचा फोन. रोज निघताना आणि पोचल्यावर घरी निरोप, आणि 'अमुक वाजेपर्यंत निरोप नाही आला तर काळजी सुरू करा' अशी वेळ आधीच ठरलेली. तातडीला ९९९.

मोटरवेवर गाडी बंद पडली तर शक्यतो पुढच्या एक्झिटपर्यंत किंवा इमर्जन्सी जागेपर्यंत रेटा. मग गाडी सोडून लगेच डावीकडच्या कठड्यापलीकडे जा आणि तिथूनच फोन करा. गाडीशेजारी उभं राहून दुरुस्ती करणं हा जीव घालवण्याचा मार्ग आहे.

गाडी आडवी पडली तर आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा आणि गाडी गिअरमध्ये टाका. मग हँडल पूर्ण वळवून जमिनीकडचं टोक धरा, सीटला पाठ लावून खाली बसा, दुसऱ्या हाताने मागची पट्टी पकडा आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत उठवा. कंबर वाकवून ओढलीत तर गाडी उठेल, कंबर नाही. सामान लादलेलं असेल तर आधी बॅगा काढा.

परतीला ए९ टाळून इन्व्हरनेसहून लॉक नेस आणि ग्लेनकोच्या बाजूने ए८२ घेता येतो. वेळ एक दिवस जास्त धरा. गाडी परत देण्याआधी ती धुवा आणि काउंटरच्या समोर सगळ्या बाजूंनी, रिम आणि आरशांसकट फोटो काढा. घेतानाही तसेच फोटो काढलेले असतील तर अनामत रकमेवरून वाद होत नाही.